वानखेडेच्या तीन रेघा

माझ्यासमोर रोज दोन-तीन विमानं कोसळायची. कोसळल्यावर वैमानिक स्वतःच वरचं झाकण उचलून बाहेर यायचा, रुमालानं मान पुसायचा आणि विचारायचा, "मिस्त्री, चाय मिलेगी?" माझ्या सगळ्या नोकरीत त्या बराकीत कुणाला खरचटलंसुद्धा नाही. तरी तिथला एक प्रसंग आठवला की मी अजून अवघडतो. तोच सांगायला बसलोय.

आधी काम काय होतं ते सांगतो, कारण आमच्या महाल वस्तीतल्या शेजाऱ्यांनाही ते कधी नीट कळलं नाही. वायुदलात आहे म्हटलं की लोक मला वैमानिक समजायचे, आणि मेकॅनिक आहे म्हटलं की इंजिन दुरुस्त करणारा. मी दोन्ही नव्हतो. मी ज्या विमानाची देखभाल करायचो त्याची बैठक सिमेंटच्या फरशीला बोल्टनं आवळलेली होती.

चीनच्या लढाईनंतर आमच्या विमानतळाच्या एका कडेला वैमानिकांच्या शिक्षणाचं छोटंसं केंद्र निघालं. मालवाहू विमानं चालवणारे तिथे यायचे. पूर्वेकडच्या डोंगरांत धान्य, औषधं टाकायला जायचं तर वाटेत ढग असायचेच. ढगात शिरल्यावर माणसाला वर-खाली कळेनासं होतं. कान सांगतात की आपण सरळ चाललोय, आणि विमान गिरक्या घेत खाली येत असतं. अशा वेळी शरीराचं ऐकायचं नाही, समोरच्या काट्यांचं ऐकायचं. ही सवय अंगात मुरावी म्हणून आमचा 'डबा' होता.

डबा म्हणजे जेमतेम एक माणूस बसेल एवढं लाकडी विमान. आखूड पंख, आत खरी दांडी, खऱ्या पायपट्ट्या, खरी घड्याळं. बुडाशी रबरी कापडाचे चार भाते. पंप ज्या भात्यातली हवा ओढेल त्या अंगाला डबा कलायचा. वैमानिक आत बसला की वरून झाकण लावायचं. मग त्याला अंधारात उजळलेले काटे तेवढे दिसायचे. बाहेर टेबलाशी शिक्षक कानाला हेडफोन लावून बसायचा. टेबलावर नकाशा, आणि नकाशावर तीन चाकांचं एक छोटं यंत्र. त्याला आम्ही खेकडा म्हणायचो. आतला माणूस जसा उडेल तसा खेकडा नकाशावर सरकायचा आणि मागे तांबड्या शाईची रेघ सोडत जायचा. बाहेर येऊन माणूस काहीही सांगो, खरं काय ते रेघ सांगते, असं मी सगळ्यांना ऐकवत असे.

ही नोकरी मला हार्मोनियममुळे लागली. माझे वडील महालात पेट्या दुरुस्त करायचे. लहानपणापासून मी भात्याला ठिगळं लावत होतो. मुलाखतीला आलेले बाकीचे उमेदवार इंजिनाविषयी बोलले. मला साहेबांनी विचारलं, भात्यातून हवा गळत असेल तर कशी शोधशील. मी म्हटलं, ओठ ओला करून जवळ नेतो, गार लागलं की तिथेच भोक. ते हसले आणि माझ्या नावापुढे खूण केली.

गिऱ्हाइकं एकेक पाहण्यासारखी असायची. एक सरदार कॅप्टन हिमालयावरून किती वेळा उडून आला होता देव जाणे, पण डब्यात बसला की पाच मिनिटांत त्याला ओकारी यायची. फरशीला बांधलेल्या विमानात ओकलो हे कुणाला सांगू नको, असं तो मला दर वेळी बजावायचा. दुसरा एक जण बूट बाहेर काढून, डब्याला नमस्कार करून आत शिरायचा. तिसऱ्याला तो खाली येतोय हे मान्यच नसायचं. टेबलावरचा उंचीचा काटा शून्याला टेकला तरी आतून आवाज यायचा, "ऑल वेल, सर." शिक्षक शांतपणे सांगायचे, "तू आता जमिनीच्या चाळीस फूट खाली आहेस. चहा घ्यायला बाहेर ये."

हे शिक्षक म्हणजे फ्लाइट लेफ्टनंट कुरियन. केरळचे. पाठीच्या दुखण्यामुळे त्यांचं उडणं बंद झालेलं. माझ्याशी ते तुटक्या हिंदीत बोलायचे, इथे मी ते मराठीत लिहितो. आवाज कधी चढवला नाही त्यांनी. माझ्यावर त्यांचा इतका विश्वास होता की रोज सकाळी डबा तपासून मी "ओके" म्हटलं की ते न बघता कागदावर सही करायचे.

एकाहत्तर साली पावसाळा सरता सरता सगळ्याला वेग आला. लढाई होणार हे कुणी उघड म्हणत नव्हतं, पण तीन महिन्यांचं शिक्षण सहा आठवड्यांत उरकायचं असा हुकूम आला. डबा सकाळी सातपासून संध्याकाळपर्यंत चालू लागला. सुटे भाग मागवले तर उत्तर यायचं, वाट पाहा. त्या दिवसांत डब्यातल्या एका काट्याची रबरी नळी चिरली. विमान वळतंय का आणि किती, ते दाखवणारा हा काटा. आम्ही त्याला वळणकाटा म्हणू. तो पंपाच्या ओढीवर चालायचा. नवी नळी नव्हती. मी चिरलेला तुकडा कापला, दोन टोकं पितळी पुंगळीवर चढवली, दोऱ्यानं आवळली. काटा झकास चालला. नियमाप्रमाणे अशी दुरुस्ती वहीत नोंदवायची असते. नोंदवली असती तर वरून परवानगी येईपर्यंत डबा बंद राहिला असता. मी नोंदवली नाही. काम अडू दिलं नाही याचा उलट मला अभिमानच वाटला.

त्याच तुकडीत वानखेडे होता. तेव्हा मी त्याला साहेब म्हणायचो, पण लिहिताना 'तो' म्हणतो, कारण डोळ्यांसमोर येतो तो बावीस वर्षांचा, मिशी नुकती राखलेला सावनेरचा तरुण. पहिल्याच दिवशी मी नामदेवला, म्हणजे बराकीतल्या मदतनिसाला, "पंखा काहून बंद केला गा?" असं म्हटलेलं त्यानं ऐकलं आणि त्याचा चेहरा उजळला. त्यानंतर तो माझ्याशी आपल्याच बोलीत बोलायचा.

यादी इंग्रजी अक्षरांच्या क्रमानं होती. त्यामुळे वानखेडेचा नंबर कायम शेवटचा, दुपारी चारनंतर. ऑक्टोबरची उन्हं, वर पत्रे, दिवसभर चाललेला पंप. तेव्हा बराकीत भट्टीसारखं व्हायचं.

पहिल्या परीक्षेत त्याची रेघ डावीकडे गेली. कुरियन म्हणाले, होतं असं, उद्या पुन्हा. दुसऱ्या दिवशीही डावीकडे गेली. बाहेर आला तेव्हा त्याचा शर्ट पाठीला चिकटला होता. कुरियनसाहेब कागद घेऊन ऑफिसात गेल्यावर तो माझ्याजवळ आला.

"मिस्त्री, तो काटा मंधातच राह्यते, अन् होकायंत्र फिरून राह्यते. दोघायतलं कोनाचं ऐकू?"

होकायंत्र डुलतं, उशिरा हलतं, म्हणून शिकवण अशी असायची की आधी वळणकाट्याकडे बघा. मी तेच सांगितलं. वर म्हणालो, "साहेब, काटा खोटं नाई बोलत. आपलं शरीर खोटं बोलते. इथं तेच त शिकाचं आहे."

"पण मिस्त्री, एक डाव पाहून त घ्या."

"सकाळीच पाह्यला. माह्या डब्यात खोट नाई."

तिसऱ्या दिवशीच्या परीक्षेत रेघ परत डावीकडे गेली. कुरियनसाहेबांनाही त्यानं तेच सांगितलं होतं, असं मला मागाहून कळलं. शनिवारी अधिकाऱ्यांची बैठक झाली आणि वानखेडेला उड्डाणातून काढायचं ठरलं. पुढचा हुकूम येईपर्यंत त्याला घरी जायची रजा दिली. जाताना तो बराकीत आला, नामदेवच्या हातात हात दिला, माझ्याकडे बघून मान हलवली आणि गेला.

सोमवारी मी जुने नकाशे आवरत होतो. ते पातळ कागदावर काढलेले असायचे, एकावर एक ठेवले की खालची रेघ वर दिसायची. वानखेडेचे तिन्ही कागद सहज एकावर एक पडले. मी उजेडाकडे धरले आणि तसाच उभा राहिलो. तिन्ही रेघा जवळपास एकीवर एक बसत होत्या. सारख्याच ठिकाणी वाकायला लागलेल्या, सारख्याच वाकलेल्या.

गोंधळलेल्या माणसाची रेघ मी हजार वेळा पाहिली होती. तो एकदा डावीकडे जातो, एकदा उजवीकडे, घाबरून जास्त दुरुस्त करतो. तो तीन दिवस सारखाच कधी चुकत नाही. इतकं सारखं चुकतं ते यंत्र.

त्या दिवशी चारनंतरची पाळी रिकामी होती. पंप बंद करू नको असं मी नामदेवला सांगितलं, त्याला टेबलाशी बसवलं आणि स्वतः डब्यात शिरून झाकण ओढलं. दांडी सरळ धरली. वळणकाटा मधोमध, देवासारखा स्थिर. पाच-सात मिनिटांनी बाहेरून नामदेवचा आवाज आला.

"भाऊ, तुमी कुठं जाऊन राह्यले?"

"सरळ."

"नाई गा. खेकडा डाव्या अंगानं चालला."

मी झाकण उचललं, मागची फळी काढली आणि त्या जोडाजवळ ओला ओठ नेला. गार लागलं. सकाळी थंड असताना जोड घट्ट बसायचा. दिवसभर तापून रबर सैल झालं की पुंगळीवरून हवा ओढली जायची आणि काटा मेल्यासारखा मध्ये पडून राहायचा. डब्याला मुळातच डावीकडे किंचित ओढ होती, वाकड्या चाकाच्या सायकलसारखी. चालता काटा असला की वैमानिक ती ओढ नकळत सावरून घ्यायचा. दुपारी चारनंतर तिथे फक्त वानखेडे बसत होता.

नामदेव म्हणाला, "आता?" मी म्हटलं, "आता घरी."

बायकोला, सुमनला, मी जेवताना सगळं सांगितलं. सहा महिन्यांची गरोदर होती ती.

"नोकरी जाईन का?" तिनं विचारलं.

"जाऊ शकते. लढाईचे दिवस आहेत. मुद्दाम केलं म्हणतीन त जेलबी होईन."

"अन् तुमी नाई सांगतलं तं?"

"नवी नळी आली की बसवून टाकीन. कोनाले कायले समजते."

तिनं माझ्या ताटात भात वाढला. मग म्हणाली, "सावनेरात त्या पोराची माय लोकायले काय सांगत असन... मी आपली विचारून राहिली." एवढंच. मला झोप लागली, पण सकाळी उठलो तेव्हा सांगायचं ठरलेलं होतं. ते केव्हा ठरलं ते मला कळलं नाही.

कुरियनसाहेबांनी माझं म्हणणं उभ्यानंच ऐकलं. रागावले नाहीत. म्हणाले, "दुपारी चारला मी बसतो. तू टेबलाशी बस."

त्यापूर्वी मी ते हेडफोन कधी कानाला लावले नव्हते. साहेब आत गेले, झाकण लागलं. खेकडा निघाला. थोड्या वेळानं रेघ वाकू लागली.

"सर, तुम्ही डावीकडे वळताय," मी म्हणालो.

"काटा मध्ये आहे," कानात आवाज आला.

"सर, होकायंत्र बघा."

खेकडा डावीकडेच सरकत राहिला. नुसता पंपाचा आवाज. मग झाकण उघडलं. ते डब्यातच बसून राहिले, पाय बाहेर सोडून.

"त्यानं मला सांगितलं होतं," ते म्हणाले. "दोनदा सांगितलं. मी म्हटलं, कारणं सांगू नकोस."

"मलाही सांगितलं होतं, सर."

त्यांनी मला कागद दिला आणि जे झालं ते माझ्या हातानं लिहायला लावलं. खाली त्यांनी स्वतःचंही लिहिलं, की विद्यार्थ्याची तक्रार मी तपासली नाही आणि यंत्र न बघता सह्या करत होतो. ते त्यांनी लिहिलं नसतं तरी चाललं असतं. माझी चौकशी झाली, नोकरी राहिली, पण सेवापुस्तकात हलगर्जीपणाचा शेरा पडला आणि पुढे माझ्यानंतर लागलेला माणूस माझ्या आधी फोरमन झाला. त्याबद्दल माझी तक्रार नाही.

वानखेडेला तार करणार होते. मी म्हटलं, मी जातो. पहिली बस धरून सावनेरला उतरलो. त्याचे वडील रिटायर शाळामास्तर. घर शोधायला वेळ लागला नाही. तो अंगणात बाजेवर बसला होता. मला बघून उठला. मी पाणीही घेतलं नाही, आधी सगळं सांगून टाकलं. नळी, दोरा, न केलेली नोंद. त्याचे वडील दारात उभे राहून ऐकत होते.

वानखेडे चिडेल, निदान एखादा शब्द टाकेल, याची मी तयारी करून गेलो होतो. तो हळू आवाजात म्हणाला, "मी काल डोळे तपासून आनले, मिस्त्री. डॉक्टर म्हने डोळे चांगले हायेत. मंग मले वाटलं, डोक्यातच काही बिघडलं असन. पुस्तकातली ओळ सरळ दिसते का वाकडी, तेबी पाहून राह्यलो दोन दिवसांपासून."

त्याचे वडील म्हणाले, "चहा ठेवतो," आणि आत गेले. आतून भांड्यांचा आवाज येत होता, पण चहा यायला फार वेळ लागला. मास्तर बाहेर आले तेव्हा तोंड धुऊन आले होते.

वानखेडे परतला. नवी नळी आली होती. त्याची रेघ साफ सरळ आली आणि तो पास झाला. पण डब्यात बसल्यावर प्रत्येक काट्यावर बोटानं दोनदा टिचकी मारून बघायची सवय त्याला लागली होती. आधी ती नव्हती. कुरियन म्हणाले, चांगली सवय आहे.

डिसेंबरात लढाई झाली. त्या तुकडीतले सगळे पूर्वेकडे होते. वानखेडे परत आला. सेठी आला नाही. सेठी आमचा सगळ्यात हुशार विद्यार्थी, त्याची रेघ पट्टीनं मारल्यासारखी यायची. ढगात डोंगराला विमान लागलं असं कळलं. मी त्याचे सगळे नकाशे काढून पुन्हा बघितले. वानखेडेच्या आधीची पाळी होती त्याची, काटा चांगला असतानाची. एकही रेघ वाकलेली नव्हती. मी कुरियनसाहेबांना विचारलं. ते म्हणाले, "डब्याचा संबंध नाही. असल्या हवेत कुणीही सापडतं." त्यांना तरी काय माहीत असणार. सेठीला माझ्या डब्यानं काटे मानायला शिकवलं होतं, आणि त्या दिवशी त्याच्या काट्यांनी त्याला काय दाखवलं ते आता कुणी सांगू शकत नाही. हा विचार मी अनेक वर्षं मध्येमध्ये करत आलो. उत्तर सापडलं नाही, आणि सापडणारही नाही.

एक मात्र केलं. साहेबांना विचारून डब्याच्या बाजूला सुतळीनं एक वही टांगली. आत बसणाऱ्यानं डब्याविषयी जी तक्रार असेल ती लिहायची, कुणी त्याला कारणं सांगतोस असं म्हणायचं नाही. आणि प्रत्येक तक्रारीसाठी, ज्या वेळी ती आली त्याच वेळी, मी स्वतः आत बसून बघायचं. सुरुवातीला पोरांनी गंमत केली. एकानं लिहिलं, आसन टोचतं. एकानं लिहिलं, आत भज्यांचा वास येतो. तो खरंच येत होता, नामदेव पंपाच्या मागे पुडी ठेवायचा. "काटा अडकतो" असं पुष्कळांनी लिहिलं, विशेषतः नापास झाल्यावर. मी दर वेळी झाकण ओढून बसलो. बहुतेक वेळा काट्याला काही झालेलं नसायचं.

ऐंशीनंतर दुसऱ्या शहरात विजेवर चालणारी नवी यंत्रं आली आणि आमची बराक बंद करायचं ठरलं. डबा नेण्याच्या आदल्या आठवड्यात एक विंग कमांडर आले. कपाळावरचे केस गेलेले, मिशी पांढुरकी. मी उठून उभा राहिलो.

"बसा न, मिस्त्री," ते म्हणाले. वानखेडे होते.

नव्या यंत्रांच्या केंद्राचे ते प्रमुख होणार होते. माझी, सुमनची, मुलीची चौकशी केली. नामदेव वारल्याचं मी सांगितलं. मग डब्याभोवती एक चक्कर मारली आणि सुतळीची वही हातात घेऊन खुर्चीवर बसले. पहिल्या पानापासून वाचत गेले. भज्यांपाशी हसले. मी चहा आणला तो निवला, तरी वाचत होते.

वही मिटून त्यांनी विचारलं, "यातल्या खऱ्या किती निंगाल्या?"

मला शरमल्यासारखं झालं. इतक्या वर्षांचा, इतक्या पानांचा हिशेब फारच किरकोळ होता.

"तीन, साहेब."

"तीन," ते म्हणाले. वही त्यांनी आपल्या बॅगेत टाकली आणि बॅगेची चेन ओढली. "तीन म्हंजे लय झाल्या, मिस्त्री. तीन मानसं झाली न ते."